हात सोडला की

सोहार बंदराच्या मागे, मिठागर वाटावं अशा पांढऱ्या जमिनीवर
आमचं तीन मजली घर आहे.
जिना आहे, लोखंडी पलंग आहे,
ओट्याला कायमचं डागलेलं एक पातेलं.
राहायला कुणी आलं नाही आजवर.
आठवड्यातून पाच पहाटे ते पेटतं
आणि उन्हं चढायच्या आत
ओलं, काळं, जागच्या जागी उभं असतं.

गावी विचारतात, काय करतोस रे तिकडे?
मी सांगतो, आग लावतो.
म्हणतात, ते तर तू इथेही करायचास.

बांधताना रामअवध मिस्त्री भिंतीवर थाप मारून म्हणाला होता,
हिच्या पोटात पाणी आहे अजून,
एकदम तापवाल तर फुटून अंगावर येईल.
म्हणून आतून भट्टीचे तक्ते, तक्त्यांमागे बोटभर पोकळी,
आणि पहिली आग, आग कसली, नुसती ऊब,
रोज थोडी थोडी, बाळंतिणीच्या शेकासारखी.
काजळीचं पाणी वेगळ्या तळ्यात जातं.
पलीकडे खजुराच्या बागा आहेत.

माझी जागा काचेमागे.
समोर तीन आकडे: गुडघ्याशी किती, छातीशी किती, छताशी किती.
हातात खटक्याची मूठ.
दाबून धरली तर आत ज्वाळा,
सोडली की गॅस बंद, पंखे चालू.
मला चक्कर आली तरी विझते.
मेलो तर नक्कीच विझते.
आयुष्यभर ऐकत आलो, धरून ठेव, सोडू नकोस.
इथे वाचवायचं म्हणजे सोडायचं,
हे बोटांना कळायला दोन वर्षं लागली.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी:
ही म्हण कुंजुमोनला सांगितली तर तो
मध्ये किती किलोमीटर, ते विचारत बसला.
मग गंभीरपणे म्हणाला, बंब दोन पाहिजेत.
एक आगीसाठी,
दुसरा आत गेलेल्यांना आणायला,
आणि दोन्हींना पाणी एकाच टाकीतून नको.

जिवंत माणसाला जखमी म्हणून आत झोपवायचं नाही.
म्हणून पलंगावर पंत असतात,
पंचाहत्तर किलो वाळू, वर जुना डगला.
हे नाव मी ठेवलंय, कुणाला सांगितलं नाही.
शेकडो वेळा जिन्यावरून फरफटत वाचलेत बिचारे,
एकदाही कुणाचे आभार मानले नाहीत.

जुलैत एकदा, पहाटे पाचलाच छत्तीस अंश,
दाराशी फळ्यावर अकरा बिल्ले.
धुरातून माणसं बाहेर पडत होती, मी मोजत होतो.
दहा.
परत मोजले. दहा.
छातीशी आकडा ठीक, छताशी ठीक, सगळं नियमात,
आणि फळ्यावर एक बिल्ला तसाच.
मी मूठ सोडली.

पंखे गरजले. धूर एका दमात बाहेर आला
आणि घर अगदी रिकामं दिसलं.
दुसऱ्या बंबाची माणसं आत धावली.
पंत पलंगावर. बाकी कुणी नाही.

माझिन मक्बाली तळ्यामागे सापडला,
गुडघ्यांवर बसून ओकत होता.
सगळ्यांच्या आधी बाहेर पडलेला,
लाजेनं बिल्ला काढायचाच विसरलेला.
एकोणीस वर्षांचा. म्हणाला, माझ्यामुळे सगळं फुकट गेलं.
कुंजुमोननं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं,
पुढच्या वेळी ओकायच्या आधी बिल्ला, एवढंच बोलला.

वहीत विझवल्याचं कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं: शंका.
कंपनीचे साहेब आले तेव्हा त्या शब्दावर बोट ठेवून
बराच वेळ उभे राहिले.
गॅसचा हिशोब विचारला. मी दिला.

सुट्टीत घरी असलो की शेगडीपाशी उभा राहतो.
बायको म्हणते, सरा बाजूला,
कढी उतू गेली तर पुसता येते.
तरी झोपेत माझी उजवी मूठ आवळलेली असते म्हणे.
ती एकेक बोट उघडते.
मला जाग येत नाही.